अप्पांचं मशीन आणि आमची खरखर

आमच्या घरात सकाळी दोन पूजा व्हायच्या. अप्पा, म्हणजे माझे वडील, अंघोळ झाली की आधी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायचे, आणि बोटांना उरलेली विभूती पुढच्या खोलीतल्या मशीनवर ओढायचे. तीन पट्टे, अगदी सरळ. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर, पण आमच्या गावात त्याला हा शब्द कोणी वापरत नसे. पुढची खोली म्हणजे अप्पांचं लाऊडस्पीकरचं दुकान. भिंतीला भोंगे टांगलेले, कोपऱ्यात माईकचे दांडे, खुंट्यांवर वायरची भेंडोळी आणि या सगळ्यातून वाट काढत स्वयंपाकघरात जायचं. पाहुण्यांना आमच्याकडे चहाच्या आधी एखाद्या भोंग्याचा प्रसाद कपाळावर मिळायचा. दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘लग्न, सभा, सप्ताह, गॅदरिंग. आवाज स्वच्छ. खरखर नाही.’ शेवटचे दोन शब्द अप्पांनी पेंटरकडून मुद्दाम लाल रंगात काढून घेतले होते.

अप्पा स्वभावानं गरीब माणूस. आमटीत मीठ पडलं नसलं तरी मुकाट्यानं जेवायचे. पण आवाज फाटतोय असं कोणी म्हटलं की त्यांचं जेवण तुटायचं. “माझ्या मशीनला खोट न्हाई. खोट असंल तर माईक धरणाऱ्याच्या हाताला हाय,” हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की बाराखडीच्या आधी तेच पाठ झालं असावं. सभेत एखादा पुढारी माईकला तोंड चिकटवून गरजायला लागला की अप्पा सरळ स्टेजवर जायचे, माईक त्याच्या तोंडापासून मागे घ्यायचे आणि हाताची बोटं दाखवून म्हणायचे, “चार बोटं, साहेब. चार बोटं लांब.” मोठमोठी माणसं त्यांचं ऐकायची. आमचे भाऊसाहेबसुद्धा ऐकायचे. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी, आमच्या कॉलेजचे अध्यक्षही तेच. त्यांच्या वर्षभराच्या सगळ्या सभा अप्पांच्या मशीनवर व्हायच्या आणि आमचं घर बरंचसं त्या सभांवर चालायचं.

ती वर्षं मोठी मजेची होती. गावात दर महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी नवीन उतरायचं. आज कोणाच्या माळवदावर छत्रीसारखी तबकडी, उद्या स्टँडसमोर काचेचा टेलिफोन बूथ, परवा किराणा दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा. आई त्या पुड्यांकडे संशयानं बघायची आणि शिकेकाई कुटत बसायची. याच लाटेत एक कॅसेट आमच्या घरी आली. ती आणली माझ्या मावसभावानं, राजानं. राजा अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकत होता. होस्टेलात त्याच्या खोलीत शिलाँगचा एक मुलगा होता. तो भाकरी आवडीनं खायचा, पण आपल्या गाण्यांना तोंड वाकडं करायचा. त्याच्या ट्रंकेतल्या कॅसेटींपैकी एक राजानं सुट्टीला येताना उचलली होती. वर चिकटवलेल्या कागदावर शाईनं काही नावं होती, पण ती पाण्यानं फुटून गेली होती. त्यामुळे त्यात कोण गात होतं हे मला आजतागायत माहीत नाही.

आईनं सुशीला केली होती. भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, वरून भरपूर दाळव्याचं पीठ आणि लिंबू. ताटल्या हातात घेऊन आम्ही दुकानात बसलो, राजानं कॅसेट घातली आणि भोंग्यातून जे काही बाहेर पडलं त्यानं समोरच्या न्हाव्याचा वस्तरा थांबला. अप्पांनी झटक्यात कॅसेट बंद केली. म्हणाले, “पट्टा सैल झालाय.” मग ताटली बाजूला ठेवून त्यांनी टेप उघडला. हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. पट्टा बदलला. पेचकसानं बारका स्क्रू डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, पुन्हा लावून ऐकलं. आवाज तसाच, पत्र्यावर खडी ओतल्यासारखा. त्यांनी वायर बदलली. भोंगा बदलला. दोन तास गेले, सुशीला गार झाली, शर्ट घामानं पाठीला चिकटला. राजाची सांगायची हिंमत होईना आणि हसूही आवरेना.

शेवटी तो म्हणाला, “काका, ते तसंच हाय.”

“तसंच म्हंजे?”

“मुद्दाम तसं वाजवलंय. त्या पोरांना तसाच आवाज पायजे होता.”

अप्पांनी पेचकस खाली ठेवला. “मुद्दाम?” असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं, तो आवाज मी पुढे त्यांच्या तोंडून फार थोड्या वेळा ऐकला. जन्मभर ज्या गोष्टीशी झुंज घेतली ती कोणी हौसेनं करतं, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

मग राजानं शिलाँगच्या मित्राकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिकडे इंग्लंड-अमेरिकेत कामधंदा नसलेली पोरं होती. त्या वेळचे मोठे गाणारे बंगल्यांत राहायचे, पाऊण पाऊण तास वाजवायचे आणि ते वाजवणं इतकं अवघड की साध्या पोरानं वाद्याला हात लावायची सोय नाही. या पोरांनी ठरवलं, आपल्याला येतं तेवढ्यावर गायचं. तीन सूर आले की बस झाले. गाणं दोन मिनिटांचं. मालकापासून मास्तरापर्यंत ज्याचा राग येतो त्याला तोंडावर सांगायचं. कंपनी कॅसेट काढत नाही? मग आपली आपण काढायची. कपडे फाटके, केस मोरासारखे आणि फाटलेलं जोडायला सगळीकडे सेफ्टी पिना. कानातसुद्धा पिनाच. याला म्हणतात पंक.

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या बांगडीत नेहमीप्रमाणे पाच-सहा पिना लोंबत होत्या, आणि एक पोलक्याला बटण तुटलं होतं तिथे. ती म्हणाली, “मंग मी तर कवापासूनच हाय की पंक.” आम्ही हसून हसून लोळलो. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी कॅसेटवर बॉलपेननं ‘खराब’ असं लिहिलं आणि तुटक्या सामानाच्या खोक्यात टाकली. दुसऱ्या दिवशी ती खोक्यात नव्हती, माझ्या दप्तरात होती.

आता मॉलमध्ये फाटकी पँट नव्या पँटपेक्षा महाग मिळते आणि माझा मुलगा ती घालून घरी आला की मला पिना घेऊन त्याच्या मागे धावावंसं वाटतं. पण तेव्हा मला कपड्यांचं काही पडलं नव्हतं. मला आवडलं ते एकच. गाता येत नसलं तरी गाता येतं. सुरेल आवाजाच्या मुलींमध्ये माझा आवाज म्हणजे फुटक्या भोंग्याचा. शाळेपासून प्रत्येक स्वागतगीतात मला मागच्या रांगेत उभं करून “तू नुसतं तोंड हलव” असं सांगितलेलं. त्या कॅसेटमध्ये गाणारी एक बाई तर माझ्याहून वाईट गात होती, आणि कोणाच्या बापाला भीत नव्हती.

कॉलेजात माझ्या दोन मैत्रिणी होत्या, शाहीन आणि कुंदा. शाहीनचा भाऊ लग्नात बेंजो वाजवायचा, तो तारांवर बटणं दाबून वाजवायचा लाकडी बेंजो. तिनं तो घरी चोरून चोरून शिकून घेतला होता. कुंदा चकलांब्याहून एसटीनं यायची. पहाटे घर सोडायची आणि संध्याकाळी दिवेलागणीला परत पोचायची. त्या सबंध वेळात ती पाण्याचा थेंब घ्यायची नाही. कारण कॉलेजात मुलींची म्हणून एक खोली होती, मागे मोरी, संडास, नळ सगळं होतं, पण खोलीला कुलूप होतं. आत सिमेंटची पोती होती. भाऊसाहेबांचं कुठलंसं बांधकाम चालू होतं, आणि पोत्यांना ओल लागू नये म्हणून ही पक्क्या छताची खोली त्यांना बरी पडली होती. मुलांना काय, कंपाउंडची भिंत होती. आम्ही मुलींनी तीनदा अर्ज दिला. ऑफिसातले क्लार्क तीनदा म्हणाले, “किल्ली भाऊसाहेबांकडं हाय. इचारून सांगतो.” माझं घर गावातच, पण स्टँडच्या पलीकडे. कुंदाला मी कधी कधी घेऊन जायचे, पण रोज कोणाच्या घरी त्यासाठी जायला तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दिवाळीनंतर कुंदा आठ दिवस आलीच नाही. आली ती तापानं सुकून. सुट्टीला आलेल्या राजाला दाखवलं तर तो म्हणाला, पाणी न पिण्याचंच हे दुखणं, असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल. हे तिच्या वडिलांच्या कानावर गेलं. ते स्वतः आमच्या दुकानात आले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि अप्पांना म्हणाले, “पोरीनं शिकावं असं मला लई वाटतंय, पण जीव घालवून न्हाई. गॅदरिंगपस्तोर यील ती कॉलेजला. त्याच्यापुढं बस.” कुंदा माझ्याशेजारी उभी होती. वर्गात पहिली येणारी मुलगी ती. रडली नाही, पण तिनं माझा हात धरला होता तो इतका घट्ट की बांगडी रुतली.

त्या रात्रीच मी गाणं लिहिलं म्हणायला हरकत नाही, पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राच्या तासाला लिहिलं. लिहायला अर्धा तास लागला, कारण राग तयारच होता.

*सकाळचं पाणी सकाळीच संपलं,*
*दिवसभर ओठाला कुलूप घातलं.*
*सिमिटाला सावली, आमाला ऊन,*
*कुलूप लावलंय कुणी, न् कावून?*

आणि त्यानंतर ‘किल्ली द्या, किल्ली द्या’ असं दम संपेपर्यंत. शाहीननं बेंजोवर तीन सूर बसवले. कुंदानं आमच्याच घरातला तेलाचा पत्र्याचा डबा उपडा घातला आणि दोन लाटण्यांनी तो असा बडवला की गल्लीतली कुत्री उठून गेली. पहिल्यांदा गाऊन झालं तेव्हा शाहीन घड्याळ बघून म्हणाली, “अगे, इत्ता छोटा गाना? अभी तो मेरे हात बी गरम नै हुए!”

सराव अप्पा कामावर गेले की दुकानात चालायचा, बेंजो मशीनला जोडून. एकदा ते अचानक परत आले. आम्ही चटकन शब्द गिळले आणि ‘ला ला ला’ करायला लागलो. अप्पांचं लक्ष शब्दांकडे नव्हतंच. त्यांचे कान बेंजोवर होते. म्हणाले, “आवाज फाटतोय. एवढं वर कावून केलंय बटन?”

“अप्पा, आमाला फाटकाच पायजे,” मी म्हणाले.

“तुला काय पायजे ते पायजे. माझ्या मशीनमधून खरखर निघणार न्हाई.” आणि त्यांनी बटण खाली आणलं. बेंजो पुन्हा लग्नातल्यासारखा गोड वाजायला लागला. आम्ही तिघी हिरमुसलो. पण मशीन त्यांचं होतं.

गाण्याचे शब्द मी त्यांना सांगितले नाहीत. सांगितले असते तर ते नको म्हणाले असते, आणि नको म्हणाले नसते तरी भाऊसाहेबांपुढे त्यांच्यावर दोष आला असता. ‘मला ठाऊक नव्हतं,’ हे तरी त्यांना खरं खरं म्हणता यावं. सभा गेल्या तर घराचं काय, हा विचार मनात येत नव्हता असं नाही. कुंदानंही विचारलं, “तुझ्या अप्पांचं काय गं?” मी म्हणाले, “बघू.” बापाच्या पोटावर पाय देतोय की काय, असं सारखं वाटत होतं आणि तरी थांबावंसं वाटत नव्हतं.

मुलींना एसटी मिळावी म्हणून गॅदरिंग भर दुपारी असायचं. मैदानात मंडप, पुढे सोफ्यावर भाऊसाहेब, गळ्यात हार, मागे सगळं गाव. निवडीच्या दिवशी आम्ही एक साधीसुधी प्रार्थना म्हणून दाखवली होती, त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत ‘समूहगीत, मुली’ एवढंच होतं. स्टेजच्या कडेला टेबलावर मशीन, पलीकडे स्टुलावर अप्पा, कपाळावर तीन पट्टे आणि मशीनच्याही कपाळावर तीन पट्टे. आम्ही तिघींनी ओढण्यांना आईच्या पिना लावल्या होत्या, ओळीनं. आईनं न विचारता बांगडीतून काढून दिल्या होत्या.

कुंदानं डब्यावर पहिलं लाटणं हाणलं आणि मी गायला, खरं म्हणजे ओरडायला लागले. पहिल्या दोन ओळी लोकांना कळल्या नाहीत. तिसरीला मुलींच्या बाजूनं कोणीतरी टाळी वाजवली. चौथीला भाऊसाहेबांचा मांडीवर ताल धरणारा हात थांबला. ‘किल्ली द्या’ सुरू झालं तसा त्यांचा एक कार्यकर्ता वाकून अप्पांच्या कानाशी गेला. अप्पांसमोरचा माईक चालूच होता, म्हणून ते सगळं भोंग्यातून मंडपभर ऐकू आलं. “अप्पा, बंद करा मशीन.”

मी बघितलं. अप्पांचा हात बटणावर गेला. मला वाटलं, संपलं. माझं तोंड माईकला चिकटलेलं होतं. अप्पांनी सवयीनं दुसऱ्या हाताची चार बोटं वर केली, माझ्याकडे बघितलं, कुंदाकडे बघितलं आणि ती बोटं हळूच खाली घेतली. मग त्यांनी बटण फिरवलं. उजवीकडे. पार शेवटपर्यंत.

काय आवाज फाटला म्हणून सांगू! शाहीनचा बेंजो करवतीसारखा कापत सुटला. भोंग्यांतून नुसती खरखर, आणि त्या खरखरीवर स्वार होऊन ‘किल्ली द्या’. माझ्या दप्तरातली ती कॅसेट जशीच्या तशी आमच्या मैदानात वाजत होती.

“बंद करा म्हणलं न्हवं!” कार्यकर्ता ओरडला.

अप्पा शांतपणे म्हणाले, “बटन अडकलंय.”

“मंग वायर उपटा!”

“शॉक बसंल. मी काई हात लावणार न्हाई. तुमी लावा.”

कार्यकर्त्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला. तोवर मुली उठून उभ्या राहिल्या होत्या. गावोगावहून एसटीनं येणाऱ्या, दिवसभर तोंडाला कुलूप लावून बसणाऱ्या सगळ्या. साऱ्या मंडपानं ‘किल्ली द्या’ धरलं. मागे बायका उठल्या. त्यांत माझी आई होती आणि तिचा आवाज माझ्याइतकाच बेसूर होता.

गाणं दोन मिनिटांत संपलं. भाऊसाहेब मुरलेले पुढारी. ते उठले, माईकपाशी आले, मोठ्यांदा हसले आणि प्राचार्यांना म्हणाले, “कसली किल्ली ही? आमच्या लेकींची अशी गैरसोय, आन् मला कुणी सांगितलं न्हाई?” प्राचार्य मान खाली घालून उभे. क्लार्क धावला. किल्ली कुठे निघाली तर भाऊसाहेबांच्याच जीपमध्ये, ड्रायव्हरच्या जुडग्यात. दोन दिवसांत पोती हलली. पोत्यांनी भिंतीवर राखाडी रेघ उठवली होती ती कित्येक वर्षं तशीच होती, आणि आम्ही वेणी घालताना तिला टेकून उभ्या राहायचो.

कुंदाचे वडील मागे उभे होते. ते पुढे आले, मुलीच्या हातातली लाटणी घेतली, उलटसुलट करून बघितली आणि एवढंच म्हणाले, “पाणी पीत जा आता.” कुंदा तेव्हा रडली. कुंदा पुढे मास्तरीण झाली, मग मुख्याध्यापिका. ती म्हणते, कुठल्याही शाळेत रुजू झाले की मी आधी संडासाची किल्ली बघते, मग हजेरीपट.

आम्ही घरी आलो. मशीन खांद्यावरून उतरवलं तेव्हा अप्पा म्हणाले, “माईक काय गिळायचा व्हता?” सकाळी ते पूजेला बसलेले असताना मी हळूच मशीनपाशी गेले आणि बटणाला हात लावला. बटण लोण्यासारखं फिरलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी वळून बघितलं तर अप्पा विभूतीची बोटं घेऊन मागे उभे.

“अप्पा, बटन तर नीट हाय.”

“आसंल,” ते म्हणाले, आणि मला बाजूला सारून त्यांनी तीन पट्टे ओढले.

भाऊसाहेबांच्या पुढच्या सभेला बीडहून दुसरं मशीन आलं, आणि त्याच्या पुढच्यालाही. भाऊसाहेबांनी कधी वाकडा शब्द काढला नाही. नुसतं सांगायचे, अप्पांचं मशीन आता जुनं झालंय. गावही तेच म्हणायला लागलं. पारावर, हॉटेलात, देवळात कोणीही विचारायचं, “अप्पा, खरखर करतंय म्हणं मशीन?” आणि माझा बाप, ज्याचं जेवण एका शब्दावर तुटायचं तो, मान हलवून म्हणायचा, “व्हय, बिघडलंय जरा.” त्या वर्षी लग्नंही कमी मिळाली. ताटात आमटी पातळ व्हायला लागली. मला इतकं वाईट वाटायचं की एकदा मी म्हणाले, मी सांगते सगळ्यांना, बटण अडकलं नव्हतं म्हणून. अप्पा म्हणाले, “गप बस. मशीन माझं हाय.”

वर्ष फिरलं. पुन्हा गॅदरिंग आलं. कॉलेजात नवे प्राचार्य आले होते. ते स्वतः दुकानात आले, पाटी वाचली, स्टुलावर बसले. मी पडद्याआड चहा गाळत होते. ते म्हणाले, “अप्पा, यंदाचं मशीन तुमचंच लावायचंय. पण मागच्या वर्षी ते बटण अडकलं होतं म्हणतात. दुरुस्त झालं का?”

“झालं की,” अप्पा म्हणाले. “एकदम नीट हाय. पण आमची पोरगी गाया लागली की पुन्हा अडकतंय. आधीच सांगून ठेवतो.”